भुईच्या हातून

"खाली ठेव! आधी खाली ठेव तो!"

मी इतक्या जोरानं ओरडलो की शेजारच्या गच्चीवरचं बोलणं थांबलं. करुणा चाकू माझ्यापुढं धरून तशीच उभी राहिली. पोरीनं तो नीटच धरला होता. मूठ माझ्याकडं, पातं स्वतःकडं. मध्ये परातीत टरबूज. चूक तिची काहीच नव्हती.

"आजोबा, काहून ओरडून राहिले? तुमीच मागितला ना."

"मागितला. पण हातात देऊ नको. खाली ठेव, मी उचलतो."

तिनं ठेवला. मी उचलला. पहिली फोड वाकडी निघाली. तिचा धाकटा भाऊ रत्नपाल भिंतीला टेकून हसत होता.

"उभा जन्म फिजिक्स शिकवलं अन् चाकूला भिऊन राहिले."

"तू गप रे," करुणा म्हणाली. "सकाळपासून तोंड वाजवून राहिला."

"तुझ्यासंगं कोण बोललं? मी आजोबांसंगं बोलून राहिलो."

स्कूटीवरून त्या दोघांची सकाळीच जुंपली होती आणि दिवसभर ते एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. मला ते ऐकवत नव्हतं. खरं तर गेल्या वर्षापासून मला कुणाचंच भांडण ऐकवत नाही. टीव्हीवरचंसुद्धा.

म्हणून ही गोष्ट सांगितली. सांगायला नको होती की काय, असं अजून वाटतं. आपल्या घरात भूत मानत नाहीत. माझ्या वडिलांनी, कोंडीबांनी, देवधर्म आणि भुतंखेतं एकाच दिवशी उंबऱ्याबाहेर काढली, याचा मला अभिमान आहे. मीही मानत नाही. फक्त जे झालं ते कुठं बसवायचं, हे मला कळलेलं नाही. माझ्या विचारात काही चूक असेल तर मला सांगा. मला बरंच वाटेल.

रामप्रसाद राठोडांना तुम्ही दोघांनी पाहिलंय. सकाळी माझ्याबरोबर फिरायला असतात ते. उंच, पांढऱ्या मिशा, हायस्कूलला गणित शिकवायचे. राहतात इथं हिंगोलीत, पण मूळ घर पुसेगावजवळच्या तांड्यावर. तिथली शेती धाकटा भाऊ गुलाबसिंग बघतो. जे झालं ते या दोघा भावांना झालं, आणि मला ते रामप्रसादांनी स्वतः सांगितलं. खोटं बोलणारा माणूस नाही. गणिताचा मास्तर, उत्तर चुकलं तर स्वतःवर चिडणारा.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक चक्कू असायचा. वडिलांचा. त्यांचे वडील शंकरसिंग, त्यांनी कळमनुरीच्या बाजारात एका लोहाराकडून तो करून घेतला होता. म्हशीच्या शिंगाची काळी मूठ, पितळी खिळे, बोटाएवढं दुमडतं पातं. घासून घासून ते मध्ये बारीक झालेलं. मुठीच्या टोकाला भोक, भोकात काळा गोफ, आणि गोफाचं दुसरं टोक सदऱ्याच्या काजात अडकवलेलं. अंघोळ झाली की आधी चक्कू खिशात, मग चष्मा. कांदा चिरायचा, पेरू कापायचा, कुणाच्या लेकराच्या पायातला काटा काढायचा, पोत्याची शिवण उसवायची, सगळ्याला तोच. माझ्या चपलेचा पट्टा त्यांनी त्यानंच दोनदा सरळ करून दिलाय.

पण कधी कुणाच्या हातात तो दिला नाही. मागितला की जमिनीवर ठेवायचे. म्हणायचे, "घ्या." आपण उचलायचा, वापरायचा, परत जमिनीवर ठेवायचा. नांदेडला एका दवाखान्याच्या दारात रखवालदारानं तो काढून घेतला होता. निघताना त्या पोरानं पुढं केला, तर मास्तरांनी हात पाठीमागं नेला.

"ले लो चाचा, काटेगा नहीं."

"काटने का डर नहीं बेटा. टेबल पे रख."

टेबलावर ठेवला, तेव्हा घेतला. मी हसलो तर म्हणाले, "सर, आमची याडी सांगायची, चक्कू माणसाच्या हातून घेऊ नये, भुईच्या हातून घ्यावा." याडी म्हणजे आई. नानीबाई त्यांचं नाव. "हातातून हातात दिला का भांडण त्याच्यासंगं येतं."

"हे तर आमच्या आईचं पण हाय," करुणा म्हणाली. "मीठ, मिरची अन् चाकू."

"सगळ्यांचंच असतं. मी त्याला रीत समजत होतो. धारदार वस्तू हातात देताना कापू नये म्हणून कुणीतरी शहाण्या बाईनं घालून दिलेली रीत. अजूनही तसंच समजावं असं मला वाटतं."

गेल्या वर्षीची आखिती. अक्षय तृतीया. तिची आदली रात्र, मंगळवारची. दुसऱ्या दिवशी रामप्रसादांच्या मुलीचं, मिनाचं, लग्न होतं. लग्न तांड्यावर, गुलाबसिंगच्या दारात. हळदीची जेवणं उठली आणि लक्षात आलं की पत्रावळ्या पुरायच्या नाहीत. पाहुणे अंदाजापेक्षा जास्त आले होते. कनेरगाव नाक्यावर ओळखीचं दुकान आहे, ढाब्यांमुळं ते उशिरापर्यंत उघडं असतं. दोघं भाऊ निघाले. मोटारसायकल गुलाबसिंगची, पण त्याच्या एका डोळ्यात मोतिबिंदू, समोरच्या गाडीचा उजेड त्याला फुटलेला दिसतो. म्हणून चालवायला रामप्रसाद, मागं गुलाबसिंग.

जाताना दोघं मजेत होते. घरचं कार्य, पोट भरलेलं, वारा जरा थंड झालेला.

"भाऊ, फळ्यावर लिहिल्यावाणी गाडी चालवून राहिले तुमी. जरा कान पिळा तिचा."

"तू मागं बसून माझी परीक्षा घेऊ नको. बत्तीस पोरं एका वर्गात गप बसवलेत मी."

"म्या व्हतो ना त्यात. गप कुठं बसलो?"

नाक्यावर चहा घेतला. दुकानदारानं कागदी पत्रावळ्यांचे दोन मोठे गठ्ठे मागच्या कॅरिअरवर सुतळीनं आवळून दिले. गुलाबसिंग मध्ये बसला. पुढं भावाची पाठ, मागं त्याच्या खांद्यापर्यंत आलेले गठ्ठे. येताना त्यांनी मोठा रस्ता सोडून आतला, पुसेगावच्या अंगाचा रस्ता धरला. दुजेची कोर केव्हाच बुडाली होती. रस्त्यावर त्यांच्याच गाडीचा उजेड, दोन्हीकडं नांगरून टाकलेली काळी रानं.

थोडं आत आल्यावर गुलाबसिंग म्हणाला, "भाऊ, सुतळीचं टोक सुटलं. चाकात जाऊन राहिलं. चक्कू द्या, तोडून टाकतो."

"थांबतो मंग."

"कशाला थांबता? नीलाबाई दारात उभी असंल. द्या लवकर, अडकली तर दोघं बी पडू."

नीलाबाई म्हणजे गुलाबसिंगची बायको. रामप्रसादांनी एका हातानं गोफ काजातून सोडवला आणि चक्कू खांद्यावरून मागं नेला. गुलाबसिंगची बोटं त्याला लागली. क्षणभर दोघांनीही तो धरून ठेवला. दोघांनाही आठवलं होतं, असं रामप्रसाद म्हणतात.

"भुई?" त्यांनी विचारलं.

"गाडीवर भुई कुठली, भाऊ!"

गुलाबसिंग हसला. आणि त्यानं घेतला.

सुतळी तुटली. तिचं उरलेलं टोक गुलाबसिंगनं डाव्या हातात धरून ठेवलं, कारण ते सोडलं असतं तर गठ्ठा सैल झाला असता. चक्कूचं पातं घट्ट, एका हातानं मिटत नाही. म्हणून चक्कू उजव्या हातात उघडाच राहिला. हे लक्षात ठेवा. एक भाऊ गाडी चालवतोय, समोर बघतोय. दुसरा त्याच्या पाठीशी, हातात उघडा चक्कू. आणि पुढच्याला मागच्याचं तोंड दिसत नाही. मागच्यालाही पुढच्याचं दिसत नाही.

"आजोबा, मारला का काय त्यानं?" रत्नपालनं विचारलं. हसू मावळलं होतं.

"मध्ये बोलू नको."

थोड्या वेळानं रामप्रसादांच्या कानामागून आवाज आला. "हळू चालव."

त्यांना खटकलं. गुलाबसिंग त्यांना 'तुमी' म्हणायचा, लहानपणापासून. पण वाऱ्यात शब्द तुटला असेल म्हणून त्यांनी वेग कमी केला.

"इतकं हळू? मढं घेऊन चालला का?"

"काय बोलून राहिला रे?"

गाडी चालली होती. मग अगदी कानाशी, शांतपणे:

"याडीच्या टायमाला बी असाच हळू आलास."

इथं तुम्हाला एक सांगायला हवं. नानीबाई तांड्यावर, गुलाबसिंगच्या घरी गेल्या. शेवटची दोन वर्षं त्या अंथरुणावरच होत्या. ज्या रात्री गेल्या, त्या रात्री रामप्रसादांना निरोप उशिरा मिळाला, की मिळूनही ते उशिरा निघाले, हे मला नक्की माहीत नाही आणि मी कधी विचारलं नाही. ते पोचले तेव्हा सरण पेटलेलं होतं. थोरला मुलगा हे, आणि अग्नी धाकट्यानं दिला होता. रामप्रसाद उभे राहिले, एक लाकूड टाकलं आणि बाजूला जाऊन बसले. त्या दिवसापासून या गोष्टीवर दोघा भावांत एक शब्द झाला नव्हता. सणवार, पेरणी, मिनाची सोयरीक, सगळं झालं. हे एक सोडून.

आणि आता ते कानाशी आलं. चालत्या गाडीवर. पोरीच्या लग्नाच्या आदल्या रात्री.

रामप्रसाद तापट नाहीत. पण त्यांच्या छातीत काहीतरी फुटलं. ते समोर बघूनच ओरडले, "तू वाट काहून पाहिली न्हाई? थोरला हाय मी! दोन घंटे थांबला असतास तर काय बिघडलं असतं?"

"कोणाची वाट? पाहुण्याची?"

"कोण पाहुणा?"

"तूच की, मास्तर. ऐतवारी यायचास, द्राक्षं घेऊन. खाटेपासून हातभर दूर खुर्ची टाकायचास. तुझ्या बायकोला वास यायचा. गू-मूत नीलाबाईनं काढलं. द्राक्षं बी तिनंच भरवली."

"तोंड सांभाळ, गुलाब!"

"माझंच तोंड सांभाळू का? आजवर सांभाळलं."

रामप्रसादांनी गाडीचा वेग वाढवला. का वाढवला, त्यांना सांगता येत नाही. खड्डे, खडी, वळणं. रागानं डोळ्यांत पाणी आलं होतं, उजेड फुटत होता. ते बोलत होते, मागून उत्तर येत होतं. ते काय काय बोलले, ते त्यांनी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "सर, शाळेत पोराच्या कानफटात मारली की हात झिणझिणतो, तशी जीभ झिणझिणत व्हती."

करुणा म्हणाली, "गाडी थांबवायची ना मग. मागं वळून पाहायचं."

"हेच मी विचारलं. ते म्हणाले, थांबायला राग कमी लागतो."

आता मागचं ऐका. गुलाबसिंगनं हे नंतर नीलाबाईला सांगितलं, तिच्याकडून रामप्रसादांना कळलं. त्याला पुढून, वाऱ्याबरोबर, भावाचा आवाज येत होता. आणि तो आवाज भलतंच म्हणत होता, "याडीला तूच मारलंस."

तो म्हणाला, "काय?"

"दवाखान्यात ने म्हणून सांगितलं व्हतं. तुला रानात पाणी सोडायचं व्हतं. पाणी महत्त्वाचं. म्हातारी काय, आज ना उद्या जाणारच."

"भाऊ, देवाशपथ, ती न्हाई म्हणली! 'नको नेऊ मला' म्हणली ती!"

"सरणाला आग द्यायची घाई तुला. तोंड पाहू दिलं न्हाईस मला. काय लपवायचं व्हतं तिच्या तोंडावर?"

गुलाबसिंगचे हात मातीतले, जड. तो बोलणारा गडी नाही. असं काही ऐकलं की त्याचा राग जिभेत येत नाही, मुठीत उतरतो. मुठीत चक्कू होता. उघडा. समोर भावाची पाठ. सदरा वाऱ्यानं फुगलेला… खाली बसलेला… फुगलेला.

एका छोट्या पुलापाशी रामप्रसादांनी ब्रेक दाबला. गाडी फरफटत गेली. पडली नाही. त्यांनी स्टँड लावला. इंजिन चालूच, दिवा चालूच. ते दिव्याच्या पुढं जाऊन उभे राहिले.

"ये! ये समोर! जे बोलायचं ते तोंडावर बोल!"

गुलाबसिंग उतरला. चालत दिव्याच्या उजेडात आला. एकमेकांपासून हातभर.

"बोल!"

गुलाबसिंग बोलला नाही. त्याचे ओठ घट्ट मिटलेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चक्कूची मूठ छातीशी.

रामप्रसादही गप्प झाले. दम लागला होता.

आणि आवाज आला.

"याडीला तूच मारलंस."

आवाज रामप्रसादांचा. गुलाबसिंग भावाच्या तोंडाकडं बघत होता. तोंड मिटलेलं होतं.

"वाट पाहिली न्हाई. पाहणार बी नव्हतो."

हा गुलाबसिंगचा. रामप्रसाद त्याच्या ओठांकडं बघत होते. ओठ हलले नाहीत.

दोघंही उजेडात. आवाज उजेडाच्या मागून. गाडीवरून. सीटच्या मागून, जिथं गठ्ठे होते तिथून.

दिव्याच्या मागं काही दिसत नव्हतं. दिव्याच्या मागं दिसत नसतंच. इंजिन धडधडत होतं.

मग तिसरा आवाज आला. दोघांपैकी कुणाचाच नाही. म्हातारा नाही, तरुण नाही. अगदी साधा. पारावर बसलेला माणूस बोलतो तसा.

"हं… थांबले काहून? चालू द्या."

गच्चीखालच्या रस्त्यानं एक रिक्षा गेली. ती लांब जाईपर्यंत मी थांबलो. खरं सांगायचं तर मला पुढचं सांगावंसं वाटत नव्हतं.

तुम्हाला वाटेल, आता संपलं. कळलं ना, बोलणारा भाऊ नव्हता. आता दोघं एकमेकांना धरून पळाले असतील. मलाही तसंच वाटलं होतं. मी रामप्रसादांना तसं म्हणालोही. ते माझ्यावर चिडले. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"सर, तुमाला समजून न्हाई राहिलं. आवाज आमचा नव्हता. राग आमचाच व्हता."

तो गेला नव्हता. उलट वाढला. गुलाबसिंगची मूठ वर आली. त्याला ती खाली आणता येईना. तो भावाकडं बघत होता, डोळ्यांनी सांगत होता, सरका… मागं व्हा… मूठ वर येत होती. आणि रामप्रसादांना, साठी उलटलेल्या मास्तरांना, वाटत होतं की मारावं त्यानं. मारून बघावं. म्हणजे मग मी त्याला…

"चालू द्या," मागून पुन्हा आलं. आता जवळून.

रामप्रसाद खाली बसले.

रस्त्यावरच. गुडघे मोडून. त्यांनी उजवा तळहात डांबरावर ठेवला. डांबर दिवसाच्या उन्हानं अजून कोमट होतं. त्यांनी तळहातानं थोपटलं, लेकराला निजवतात तसं.

"इथं ठेव, गुलाब."

मूठ वर.

"माझ्याकडं पाहू नको. भुईकडं पाहा. इथं ठेव."

…

"याडी काय सांगायची? इथं ठेव, बाळा."

किती वेळ गेला, दोघांनाही माहीत नाही. मग गुलाबसिंग वाकला. हाडं मोडत असल्यासारखा, कण्हत वाकला. चक्कू डांबरावर ठेवला. बोटं सुटेनात. डाव्या हातानं एक एक बोट सोडवलं.

सुटली.

इंजिनाचा आवाज. रातकिड्यांचा. बाकी काही नाही.

रीतीप्रमाणं आता रामप्रसादांनी तो उचलायचा. त्यांनी हात पुढं केला, आणि मागं घेतला. उचलला नाही. बापाचा चक्कू, उभ्या आयुष्याचा सोबती. तसाच, उघडा, रस्त्यावर सोडला.

गठ्ठे तिथंच फेकावेत असं दोघांच्याही मनात आलं. पण लग्नघर. सकाळी पंगती. पोरीच्या लग्नात माणसं कशावर जेवणार? दोघं गाडीवर बसले. मागं न बघता. गुलाबसिंगनं गळ्यातला गमछा तोंडात कोंबला. दातांत धरला. आणि कपाळ भावाच्या पाठीला टेकवलं. म्हणजे आता जे काही ऐकू येईल, ते माझं नाही, हे भावाला कळावं.

तांड्यापर्यंत रामप्रसादांच्या पाठीला ते कपाळ होतं. एकदाही सुटलं नाही. आणि एकदाही काही ऐकू आलं नाही.

लग्न झालं. वेळेवर, थाटात. माणसं त्याच पत्रावळ्यांवर जेवली. मीही जेवलो. मिनाच्या एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला काका. फोटो आहेत. दोघंही फोटोत हसतायत.

पण त्या रात्रीपासून ते एकमेकांशी बोललेले नाहीत.

"काहून?" करुणा जवळजवळ ओरडली. "आता तर कळलं ना त्यांना! ते बोललेच नव्हते!"

"बोलले नव्हते. पण मनात होतं."

रामप्रसाद म्हणतात, "सर, माफी मागायची तर कशाची? त्यानं ऐकलं ते म्या बोललोच न्हाई. आन् बोललो न्हाई म्हणावं, तर ते सगळं माझंच व्हतं. एक शब्द बी परका नव्हता." गुलाबसिंगचंही तेच. द्राक्षांचं, खुर्चीचं, वासाचं, ते सगळं त्याच्या पोटात होतं. सगळा निरोप आता नीलाबाईच्या तोंडून जातो. पेरणीला रामप्रसाद जातात, बांधावर बसतात, गुलाबसिंग चहा आणून खाली ठेवतो. ते उचलतात.

मला याचा संताप येतो. कुणाचा, ते मला नीट सांगता येत नाही. त्या दोघांचा येतो, की एवढी वर्षं गिळून बसले. माझाही येतो, की रोज सकाळी त्यांच्याबरोबर चालतो आणि एकदाही म्हणत नाही, मास्तर, चला, मी बसतो मध्ये, बोला. आणि त्या पाठीमागच्याचा येतो… जो कुणी होता, नव्हता. घरातली दोन माणसं एकमेकांना खातायत आणि कुणी मागं बसून म्हणतं, चालू द्या. त्याला काय मिळतं? काय मिळतं रे त्याला?

मी पुन्हा ओरडलो होतो. पोरं माझ्याकडं बघत होती. मी पाणी प्यालो.

चक्कू शोधायला कुणी गेलं नाही. रामप्रसादांचा हात अजून चालता चालता खिशाकडं जातो. मी दुसरीकडं बघतो.

रत्नपाल सरकून बहिणीशेजारी बसला होता. म्हणाला, "आजोबा, पण हे भास असू शकतो. अंधार, थकवा, दोघं बी रागात. एकानं ऐकलं ते दुसऱ्याला पण ऐकू आल्यासारखं झालं."

"असू शकतो. मी हेच मानून चाललो होतो. लग्न उरकल्यावर, एका सकाळी, फिरायच्या ऐवजी रामप्रसाद आपल्या दारात येईपर्यंत. हातात पिशवी होती. पिशवीत गुलाबसिंगचा सदरा. नीलाबाईनं त्या रात्रीच बघितला होता. नवरा दारात उतरला, पाठमोरा झाला, आणि ती म्हणाली, 'तुमच्या पाठीला काय झालं?' तिनं तो धुतला नाही, शिवला नाही. दिराला दिला. ते माझ्याकडं घेऊन आले. म्हणाले, 'सर, तुमी शिकलेले. बघा, काय म्हणता ते.'

"मी तो उजेडात धरला. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, एक चीर होती. बोटाच्या नखाएवढी. आतल्या बनियनलाही, बरोबर त्याच जागी. अंगाला ओरखडासुद्धा नव्हता."

"गठ्ठ्याला खिळा असंल," रत्नपाल हळूच म्हणाला.

"गठ्ठ्यात कागद होता. आणि खिळ्यानं कापड ओढलं जातं, धागे निघतात. हे कापलेलं होतं. स्वच्छ. मी भिंग लावून बघितलं. चक्कू गुलाबसिंगच्या स्वतःच्या हातात होता, पुढं, भावाच्या पाठीशी. त्याच्या मागं कुणी बसलेलं नव्हतं."

"मग?"

"चीर ओढलेली नव्हती, करुणा. लांबली नव्हती. एवढे खड्डे, एवढी गाडी उसळली, तरी ती एकाच जागी होती. कुणीतरी टोक टेकवून… वाट बघत बसल्यासारखी."